उधारीचा ठेका : बप्पी लाहिरी परत आले तेव्हा

(नांदुरा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेल्या मायबहिणी, आणि मागे दाराशी उभी असलेली तरुण मंडळी. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या, बसा. आपल्या नांदुऱ्यात पहिल्या दोन ओळी कोणी भरत नाही, ही जुनी रीत आहे. (हशा)

सकाळी बाजारात एक काका भेटले. निमंत्रणपत्रिका वाचून आले होते. म्हणाले, "काहो, व्याख्यानाले दुसरा विषय सापडला नाही काय? डिस्को?" आता काकांच्या मुलाच्या लग्नात मी होतो. वरातीत बँडनं 'जिमी जिमी' धरलं तेव्हा सगळ्यात आधी रिंगणात कोण उतरलं, हे मला ठाऊक आहे. (हशा) काकांची चेष्टा करायची म्हणून हे सांगत नाही. ज्या गाण्यावर आपण मनापासून नाचतो, त्याच गाण्याबद्दल चारचौघांत बोलायची वेळ आली की आपल्याला लाज वाटते. ही लाज कुठून आली, आणि ती बरोबर आहे का, हे आज एका गाण्याच्या निमित्तानं बघू.

आत्ता सुरुवातीला आपण ऐकलंत ते गाणं 'बंबई नगरिया'. चित्रपट 'टॅक्सी नं. ९२११', साल २००६, महिना फेब्रुवारी. दिग्दर्शक मिलन लुथरिया, संगीत विशाल-शेखर. पडद्यावर आपले नाना पाटेकर मुंबईतले टॅक्सीवाले झालेत, बायकोला मात्र सांगतात की मी विमा विकतो. आणि गाण्याचा मुख्य आवाज बप्पी लाहिरींचा. त्या वेळी बप्पीदा ५३ वर्षांचे होते. त्यांच्या चालींचा जमाना मागे पडला होता. आधी नदीम-श्रवण आले, मग रहमान आले, आणि बप्पीदांचं नाव निघालं की गळ्यातल्या सोन्याच्या साखळ्यांवर विनोद व्हायचा, गाण्यावर कोणी बोलत नव्हतं. अशा माणसाला दोन तरुण संगीतकारांनी बोलावलं आणि सांगितलं, चाल आमची, आवाज तुमचा.

याला मी पुनरागमन म्हणतो. आणि चांगलं पुनरागमन म्हणतो. का, ते सांगण्याआधी थोडं मागं जावं लागेल.

डिस्को म्हणजे मुळात काय? आपल्या भाषेत सांगतो. केरवा आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे. ढोलकीवाला त्यात एका मात्रेवर वजन टाकतो, दुसरी हलकी सोडतो, मध्येच एक मात्रा खाऊन टाकतो. डिस्कोत तसं नाही. चार मात्रा, आणि चारही मात्रांवर मोठ्या ड्रमचा सारखा ठोका. धप, धप, धप, धप. मिनिटाला साधारण १२० ठोके. त्याच्यावर झांजेसारखी हाय-हॅट मधल्या जागा भरते, आणि बास गिटार खाली नाचत राहते. ठेका इतका सोपा की ज्याला नाच येत नाही त्यालाही पाय टाकता येतो. ही त्याची ताकद. पंडित लोकांना राग येतो तोही त्याचाच.

हा ठेका अमेरिकेत १९७० च्या दशकात वाढला. न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये काळे लोक, लॅटिन लोक, समलिंगी तरुण, म्हणजे ज्यांना बाहेर मानानं उभं राहता येत नव्हतं, ते रात्री तिथं नाचायचे. पुढे तो सगळीकडे गेला, पैसा आला, आणि मग त्याचा द्वेषही सुरू झाला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटानं उडवला. लोक मैदानात घुसले, दुसरा सामना खेळताच आला नाही. अमेरिकेत डिस्कोची अशी होळी झाली.

आणि गंमत बघा. तिकडं होळी झाली आणि पुढच्याच वर्षी, १९८० साली, 'कुर्बानी' आला. बिड्डूंची चाल, नाझिया हसन नावाच्या शाळकरी मुलीचा आवाज. आणि १९८२ च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर'. मिथुन चक्रवर्ती, बी. सुभाष, आणि संगीत बप्पी लाहिरी. तो चित्रपट सोव्हिएत रशियात किती चालला हे सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या रस्त्यावरचा गरीब पोरगा गिटार घेऊन स्टार होतो, एवढीच त्याची गोष्ट. पण मला विचाराल तर रशियाइतकाच तो आपल्या पट्ट्यात चालला. मलकापूर, खामगाव, शेगाव, नांदुरा. टुरिंग टॉकीज, व्हिडिओ, एस.टी. स्टँडवरच्या कॅसेटच्या टपऱ्या, आणि मुख्य म्हणजे लग्नाचा बँड. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी ज्या संगीताला 'धांगडधिंगा' म्हटलं, ते आमच्याकडे क्लॅरोनेटवर वाजलं. डिस्कोचा ठेका आम्ही आधी बँडवाल्यांच्या ढोलावर ऐकला आणि चित्रपट मागाहून पाहिला. माझ्या पिढीतल्या कितीतरी लोकांचं असंच झालं.

आता लाजेकडे येतो. बप्पीदांबद्दलची लाज दोन कारणांची. एक कारण फुकटचं आहे, एक खरं आहे.

फुकटचं कारण म्हणजे 'हे संगीत हलकं आहे'. ज्या माणसानं १९७६ साली 'चलते चलते' दिला, १९८५ साली 'ऐतबार'मध्ये भूपेंद्र आणि आशाताईंकडून गझल गाऊन घेतली, 'शराबी'साठी फिल्मफेअर घेतलं, त्याला संगीत कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. त्यानं सोपा ठेका निवडला, कारण चित्रपटाला तो हवा होता आणि लोकांनाही हवा होता.

खरं कारण मात्र झाकून चालणार नाही. उचलेगिरी. 'जिमी जिमी'ची चाल ओटावान या फ्रेंच जोडीच्या १९८० च्या गाण्यावरून आलेली आहे. 'हरि ओम हरि' इरप्शन या गटानं गायलेल्या 'वन वे तिकीट'वरून. 'ऑवा ऑवा' बगल्सच्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'वरून. परवानगी नाही, श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही. प्रेम आहे म्हणून हिशोब सोडायचा नाही. घरातल्या माणसानं उधारी केली तर ती वहीत लिहावीच लागते.

पण वही उघडलीच आहे तर पुढचं पानही वाचू.

२००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' हे गाणं गाजलं. त्याच्या पोटात सरळ एक हिंदी गाणं वाजत होतं. १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है'. आवाज लतादीदींचा, चाल बप्पीदांची. विचारलं कोणाला? कोणालाच नाही. ज्याच्यावर आयुष्यभर उचलेगिरीचा आरोप झाला, त्याचीच चाल अमेरिकेतल्या बड्या लोकांनी उचलली. बप्पीदा कोर्टात गेले. सुरुवातीला कोर्टानं बजावलं की श्रेय दिल्याशिवाय ही तबकडी विकू नका. आपल्या वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या, लोकांना आनंद झाला.

पुढचा भाग मात्र फारसा कोणाला माहीत नाही. खटला पुढे चालला तेव्हा बप्पीदांचा दावा टिकला नाही. कारण काय? चाल त्यांनी बांधली होती, पण निर्मात्याच्या पगारावर बांधली होती. म्हणजे कायद्यानं ती चाल निर्मात्याची, आणि निर्मात्याकडून ती रेकॉर्ड कंपनीकडे गेलेली. ज्यानं चाल बांधली तो त्या चालीचा मालकच नव्हता. मंडळी, यवतमाळ-बुलडाण्याच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. कापूस पिकवतो कोण आणि भाव ठरवतो कोण, हे आपल्याला पाठ आहे. (टाळ्या)

आपल्याकडे कायद्यात बदल झाला तो २०१२ साली. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी बोलले. त्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं तर त्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. बप्पीदांच्या भराच्या काळात हे नव्हतं.

आता २००६ चं गाणं पुन्हा आठवा. तो माणूस कुठून परत येतोय हे लक्षात घ्या. त्याच्या नावावर उधारी आहे, त्याची स्वतःची वसुली हाती आलेली नाही, आणि लोक त्याच्या साखळ्यांवर हसतायत. विशाल-शेखर त्याला काय देतात? त्याच्याच काळाच्या धाटणीचा ठेका, आणि 'बंबई' हा शब्द.

हा शब्द मुद्दाम सांगतो. १९७७ साली 'आप की खातिर'मध्ये बप्पीदांनी स्वतः गायलेलं 'बंबई से आया मेरा दोस्त' आठवत असेल. आणि 'बंबई नगरिया' म्हटलं की १९७८ च्या 'डॉन'मधला किशोरकुमारांचा आवाज कानात येतो. किशोरदांना बप्पीदा मामा म्हणायचे. किशोरदा कुठले? खंडव्याचे. इथून गाडीत बसा, भुसावळ, बऱ्हाणपूर, मग खंडवा. आपल्या शेजारचेच. त्या पोराला मुंबई जेवढी लांब होती तेवढीच आपल्याला. बप्पीदा तर जलपाईगुडीचे, आणखी लांब. म्हणजे या गाण्यात मुंबईबद्दल गातोय तो आवाज बाहेरून आलेल्या माणसाचा आहे. २००६ साली शहराचं अधिकृत नाव मुंबई होऊन अकरा वर्षं झाली होती. गाणं मात्र 'बंबई'च म्हणतं. बाहेरून शहराकडे बघणाऱ्याच्या तोंडी जे नाव होतं, ते.

आता फक्त आवाज ऐका. खाली ठेका पक्का आहे, इकडचा तिकडे होत नाही. तरुण गायक असता तर ठेक्याला चिकटून गायला असता, आपण अजून चपळ आहोत हे दाखवायला. बप्पीदा तसं करत नाहीत. आवाज नाकातला, जाड, बंगाली वळणाचा. 'अ' थोडा 'ओ'कडे झुकलेला. ते ठेक्याच्या जरा मागं, आरामात चालतात. घाई नाही. जसा एखादा जुना टॅक्सीवाला गर्दीत एका हातानं गाडी काढतो. ज्यानं हा ठेका हजार वेळा वाजवून घेतलाय, त्यालाच त्याच्याशी असं सैल वागता येतं. आवाज सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. तो खरा आहे, आणि वय लपवत नाही. माझ्या मते पुनरागमनाची परीक्षा इथंच होते. परत येणारा माणूस तरुण असल्याचं सोंग करतो, की मधली वर्षं सोबत घेऊन येतो?

जगात त्याच सुमाराला दुसरं एक पुनरागमन झालं होतं. चारच महिने आधी, ऑक्टोबर २००५ मध्ये, मॅडोनाचं 'हंग अप' आलं. तिचा २००३ चा अल्बम लोकांनी नाकारला होता. ती ४७ वर्षांची, आणि परत आली ती डिस्को घेऊन. गाणं घड्याळाच्या टिकटिकीनं सुरू होतं, आणि त्याच्या मध्यावर ॲबा या स्वीडिश गटाच्या १९७९ च्या गाण्याची धून आहे. ॲबावाले अशी परवानगी सहसा देत नाहीत. मॅडोनानं पत्र पाठवलं, विनंती केली, परवानगी घेतली, त्यांची नावं छापली. गाणं देशोदेशी पहिल्या क्रमांकावर गेलं.

मॅडोनाचं गाणं मला आवडतं. रचना म्हणून ते 'बंबई नगरिया'पेक्षा पक्कं आहे, हे मान्य करतो. तिनं उधारी रीतसर केली. पण तिच्याकडे निर्माते होते, वकील होते, पत्र घेऊन स्टॉकहोमला जाणारी माणसं होती. १९८२ च्या मुंबईत संगीतकाराला निर्माता म्हणायचा, "हे असंच पाहिजे, परवापर्यंत पाहिजे." यानं चोरी माफ होत नाही. पण चोरीचा सगळा भार एकट्या संगीतकारावर टाकून निर्माता आणि कंपनी मोकळी होते, हे बरोबर नाही. आणि २००६ साली बप्पीदा ज्या चालीवर गायले ती विशाल-शेखरची, त्यांच्याच नावावर. या वेळी बप्पीदांनी कोणाची धून घेतली नाही, उलट दुसऱ्यांनी त्यांच्या धाटणीचं ऋण उघडपणे मान्य केलं. वहीत एक ओळ जमेची पडली.

आता जरा वादाचं बोलतो. तुमच्यातले बरेच जण म्हणतील, बप्पीदांचं खरं पुनरागमन म्हणजे 'ऊ ला ला'. डिसेंबर २०११, 'द डर्टी पिक्चर'. तेच दिग्दर्शक, तेच संगीतकार, सोबत श्रेया घोषाल. गाणं प्रचंड गाजलं, आपल्या गणपतीतही वाजलं. मी तरी म्हणतो, ते मोठं यश आहे, पण लहान पुनरागमन आहे. का? तिथं बप्पीदांचा आवाज कोणाला दिलाय बघा. नसीरुद्दीन शाहांनी उभा केलेला म्हातारा होत चाललेला हिरो, जो अजून स्वतःला तरुण समजतो. 'हिम्मतवाला'च्या काळातली रंगीत मडकी, रंगीत साड्या. आणि 'हिम्मतवाला'चं संगीत बप्पीदांचंच होतं. म्हणजे त्यांचा आवाज तिथं पोशाखासारखा वापरलाय. प्रेक्षक हसतो, आणि हसावं म्हणूनच तो आवाज घेतलाय. त्यांनी ते फार मजेत गायलं, यात शंका नाही. मोठ्या मनाचा माणूसच स्वतःच्या चेष्टेत सामील होतो. पण २००६ मध्ये त्यांना गायक म्हणून बोलावलं होतं आणि २०११ मध्ये खूण म्हणून. ८० चं दशक आलं, एवढं सांगायला. हा फरक समीक्षेनं नोंदवला पाहिजे, नाहीतर जे गाजलं तेच चांगलं, एवढाच नियम उरतो.

१५ फेब्रुवारी २०२२ ला बप्पीदा मुंबईत गेले. त्याच्या नऊ दिवस आधी लतादीदी गेल्या होत्या. 'थोडा रेशम'चा आवाज आणि 'थोडा रेशम'ची चाल, दोन्ही एकाच पंधरवड्यात. दीदींसाठी देश थांबला, ते योग्यच होतं. बप्पीदांसाठी मात्र टीव्हीवर पुन्हा त्याच साखळ्या दाखवल्या. मला वाईट वाटलं ते त्याचं.

म्हणून काकांना माझं उत्तर असं. लाज वाटायचीच असेल तर उचललेल्या चालींची वाटू द्या, त्या वहीत लिहा, ज्यांच्या आहेत त्यांची नावं मुलांना सांगा. पण नाचल्याची लाज वाटू देऊ नका. ज्या ठेक्यावर हे सगळं गाव, जात-पात बाजूला ठेवून, वरातीत एका रिंगणात येतं, त्या ठेक्याला हलकं म्हणायचा अधिकार निदान रिंगणात उतरलेल्यांना नाही. (टाळ्या)

प्रश्न असतील तर घेतो.

(प्रश्नोत्तरांतला एक भाग)

श्रोता : सर, मी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. वीस-बावीस वर्षं झाली. तुम्ही उचलेगिरीचं बोलले. आमी तर सारी गाणी दुसऱ्याचीच वाजवतो. मंग आमी बी चोरच का?

वक्ता : भाऊ, बरं झालं तुम्ही विचारलंत. कायद्याचं आधी सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात लग्नाची वरात आणि लग्नाचे समारंभ यांना सूट आहे. तिथं गाणं वाजवणं हा गुन्हा नाही. त्यामुळे तुम्ही निर्धास्त वाजवा.

आता कायद्यापलीकडचं. तुम्ही 'जिमी जिमी' वाजवता तेव्हा 'ही माझी चाल' असं म्हणता का? नाही म्हणत. सगळ्या वरातीला माहीत असतं गाणं कोणाचं ते. चोरी होते ती नाव पुसल्यावर. तुम्ही नाव पुसत नाही, गाणं पुढे नेता. आणि एक गोष्ट मीच तुम्हाला विचारतो. 'जिमी जिमी' वाजवताना शेवटी तुम्ही लोक ठेका बदलता, डिस्कोवरून हळूच आपल्या केरव्यावर येता. ते कोणी शिकवलं?

श्रोता : कोणी नाही शिकवलं. वडील करायचे. बाया त्याच्यावर फुगडी घालतात नं, म्हणून.

वक्ता : बघा मंडळी. तासभर मी जे सांगायचा प्रयत्न करत होतो ते यांनी एका वाक्यात सांगितलं. फ्रान्समधनं निघालेली चाल मुंबईत आली, मुंबईहून नांदुऱ्यात आली, आणि फुगडीसाठी केरव्यात बसली. तो बदल तुमच्या वडिलांचा. त्याचं श्रेय कुठेच छापलेलं नाही, म्हणून आज इथं जाहीरपणे देऊ. एकदा जोरात टाळ्या होऊ द्या. (टाळ्या)